निविदेआधीची चाळणी : सरकारी बांधकामांतील पूर्वअर्हतेची पार्श्वभूमी

एखाद्या शासकीय रुग्णालयाच्या इमारतीची निविदा उघडली जाते, तेव्हा बाहेरच्या माणसाचे लक्ष सर्वांत कमी दर कोणी भरला याकडे असते. या व्यवसायात वावरणाऱ्यांना मात्र ठाऊक असते की बहुतेक मोठ्या कामांत अर्धा निकाल त्याआधीच, पहिल्या लिफाफ्यात लागलेला असतो. या लिफाफ्यात दराचा एकही आकडा नसतो. नोंदणी प्रमाणपत्र, उलाढालीबद्दल सनदी लेखापालाचा दाखला, बयाणा रक्कम भरल्याची पावती, यंत्रसामग्रीची यादी, हाती असलेल्या कामांचे प्रतिज्ञापत्र आणि पूर्वी पार पाडलेल्या कामांचे दाखले असे कागद त्यात असतात. ते निकषांत बसले तरच दुसरा, म्हणजे दराचा लिफाफा उघडतो. ठेकेदार काम करण्यास लायक आहे की नाही हे दर पाहण्यापूर्वी ठरवण्याच्या या पद्धतीला पूर्वअर्हता म्हणतात. आज ती एखाद्या तक्त्यासारखी निर्जीव दिसते, परंतु तिच्यातील जवळजवळ प्रत्येक अट पूर्वी कधीतरी अर्धवट राहिलेल्या किंवा फसलेल्या कामातून आलेली आहे.

आपल्याकडे मोठ्या बांधकामाची कंत्राटे देण्याची पद्धत रेल्वेबरोबर रुजली. १८५३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई–ठाणे मार्गाचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने फॅव्हिएल आणि फाऊलर या इंग्रज कंत्राटदारांना दिले होते. त्यांपैकी फॅव्हिएलकडे पुढे बोरघाटाचे काम आले. घाटातील काम सपाटीवरच्या कामापेक्षा सर्वस्वी वेगळे होते, कारण बोगदे, दरीवरचे पूल आणि कड्यातील खोदाई यांसाठी हजारो मजूर लागत आणि त्यांची मजुरी पोटकंत्राटदार व मुकादमांच्या साखळीतून खाली झिरपत असे. ती वेळेवर न मिळाल्याने १८५९ च्या आरंभी मजुरांचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. त्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल आला, पण भारतात पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत आजारी पडून तो मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःच्या नावे चालू ठेवले, अनुभवी व्यवस्थापकांकरवी काम पुढे नेले आणि १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाला. आजच्या निविदेत बसवून पाहिले, तर एक सुलभ काम यशस्वी केलेला पहिला कंत्राटदार कागदावर निर्विवाद पात्र ठरला असता आणि स्वतःच्या नावावर एकही पूर्ण झालेले काम नसलेली ती विधवा पहिल्याच लिफाफ्यात बाद झाली असती. समान स्वरूपाचे काम कशाला म्हणायचे, हा आजही सर्वाधिक वादाचा असलेला प्रश्न बोरघाटातच उभा राहिला होता.

१८५४ मध्ये डलहौसीच्या कारकिर्दीत सार्वजनिक बांधकामे लष्करी मंडळाकडून काढून स्वतंत्र खात्याकडे सोपवली गेली. या खात्याने छापील करारनामे, मोजमाप पुस्तिका, अनामत आणि दंडाची कलमे आणली. मुंबई प्रांतातील करारनाम्यांची बी-१ आणि बी-२ ही नावे तर महाराष्ट्रात अजूनही तशीच वापरली जातात. बी-१ मध्ये अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त एवढेच सांगायचे, तर बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा स्वतंत्र दर भरायचा. मात्र काम कोणाला द्यावे याचा निर्णय दीर्घकाळ अधिकाऱ्याच्या ओळखीवर चाले. कार्यकारी अभियंत्याला आपल्या विभागातील ठेकेदार नावानिशी माहीत असत, कोणाच्या हाताला किती जमते याचा अंदाज असे, आणि तेच त्याचे पात्रतेचे मोजमाप होते.

या पद्धतीत पक्षपाताला वाव होता, तसाच नव्या माणसालाही होता. विसाव्या शतकाच्या आरंभी वालचंद हिराचंद यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून बार्शी लाइट रेल्वेचे काम घेतले. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. एकाकडे पैसा उभा करण्याची ताकद होती आणि दुसऱ्याकडे रेल्वेच्या कामकाजाची आतली माहिती, म्हणजे आजच्या भाषेत ते एक संयुक्त उपक्रमच चालवत होते, फक्त त्याला लागणारे अनुभवाचे दाखले त्यांच्याकडे नव्हते. पुढे १९२० च्या दशकात वालचंदांच्याच कंपनीने बोरघाटातील रेल्वेचे नवे बोगदे खोदले. पहिल्या कामाच्या वेळी गेल्या ७ वर्षांतील पूर्ण कामांचे दाखले कोणी मागितले असते, तर त्या प्रवासाची सुरुवातच झाली नसती.

स्वातंत्र्यानंतर धरणे, कालवे, रस्ते आणि शाळा यांची कामे एवढी वाढली की अधिकाऱ्याच्या ओळखीवर ती चालवणे अशक्य झाले आणि नोंदणीची पद्धत पक्की झाली. ठेकेदाराचा वर्ग ठरवायचा, त्या वर्गाला अमुक रकमेपर्यंतचीच कामे द्यायची, आणि वर्ग ठरवताना ऐपतीचा दाखला, केलेली कामे, तांत्रिक कर्मचारी व यंत्रे पाहायची, असा हा साचा होता. महाराष्ट्राने त्याला एक सामाजिक बाजूही जोडली. लहान कामांपैकी ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना, ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि ३४ टक्के खुल्या स्पर्धेला, असे वाटप बराच काळ चालले आणि त्यासाठी काम वाटप समित्या नेमल्या गेल्या. अनुभव नसलेल्यांना अनुभव मिळवून देण्याची ही तजवीज होती. तिचा हेतू मला आजही योग्य वाटतो, जरी संस्थेचा फलक एकाचा आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्याचे हा प्रकारही तिच्याच आश्रयाने फोफावला.

नोंदणीने सर्वसाधारण लायकी ठरत असे, पण एखाद्या विशिष्ट मोठ्या कामासाठी ती पुरेशी नव्हती. परदेशी कर्जाच्या प्रकल्पांनी येथे वेगळी रीत आणली. आधी पात्रतेसाठी अर्ज मागवायचे, छाननी करून यादी निश्चित करायची आणि निविदा त्या यादीतील कंपन्यांकडूनच घ्यायच्या. १९९० च्या दशकात मोठे रस्ते आणि उड्डाणपूल यांची कामे सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रातही तांत्रिक व आर्थिक पात्रतेला महत्त्व आले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासाठी निविदा मागवल्या, तेव्हा १३३ निविदा संच विकले गेले आणि १८ डिसेंबर १९९७ रोजी ५५ निविदा दाखल झाल्या. तांत्रिक व आर्थिक छाननीनंतर १ जानेवारी १९९८ रोजी ४ कंत्राटदारांना कार्यादेश दिले गेले. संच नेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण निविदा भरण्यापर्यंत पोहोचलेच नाहीत, यावरून अशा कामांत गळती किती लवकर सुरू होते याची कल्पना येते.

पात्रतेची अट एकदा जाहीर केली की ती बदलण्याचा अधिकार खात्याला राहतो का, या प्रश्नाचे उत्तर मुंबईतील एका प्रकरणाने दिले, आणि ते प्रकरण बांधकामाचे नव्हे तर उपाहारगृहाचे होते. मुंबई विमानतळावर द्वितीय श्रेणीचे उपाहारगृह व अल्पोपाहाराची दुकाने चालवण्यासाठी १९७७ च्या जानेवारीत निविदा निघाली. किमान ५ वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत द्वितीय श्रेणी हॉटेलचालकांनीच ती भरावी अशी अट होती. प्रत्यक्षात काम मिळाले ते कँटीन चालवण्याचा अनुभव असलेल्या व्यक्तीला. रमण दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९७९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शासकीय संस्थेने स्वतः जाहीर केलेला निकष तिच्यावरही बंधनकारक आहे, कारण ती अट वाचून इतर अनेकांनी निविदा भरलीच नसेल. तत्त्व एवढे स्पष्ट मांडूनही न्यायालयाने दाद मागण्यातील उशीर आणि तोवर झालेला खर्च लक्षात घेऊन अपील फेटाळले. तत्त्व मिळते आणि काम मिळत नाही, हा अनुभव तेव्हापासून अनेक निविदाकारांनी घेतला आहे.

१९९८ च्या रौनक इंटरनॅशनल प्रकरणात तर वाद नागपूरजवळच्या खापरखेडा औष्णिक वीज केंद्रातील नळ व टाक्यांच्या कामाचा होता. वीज मंडळाने निकष शिथिल करून रौनकला काम दिल्याची तक्रार करणारी कंपनी स्वतःही त्या निकषांत बसत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाची स्थगिती उठवली आणि अशा स्थगितीमुळे सार्वजनिक प्रकल्पाचा खर्च किती वाढतो याचा विचार न्यायालयांनी आधी करावा, असे बजावले. या निकालाने खात्यांना मोकळा श्वास दिला, पण अटी शिथिल करण्याचे धाडसही दिले.

अटी कशा असाव्यात याला आकड्यांची चौकट दिली ती केंद्रीय दक्षता आयोगाने, १७ डिसेंबर २००२ च्या परिपत्रकातून. आपण १० कोटी रुपयांची इमारत गृहीत धरू. या चौकटीनुसार ठेकेदाराची गेल्या ३ वर्षांतील सरासरी वार्षिक उलाढाल किमान ३ कोटी, म्हणजे अंदाजित खर्चाच्या ३० टक्के असावी. गेल्या ७ वर्षांत त्याने समान स्वरूपाची प्रत्येकी ४ कोटींची ३ कामे, किंवा प्रत्येकी ५ कोटींची २ कामे, किंवा ८ कोटींचे १ काम पूर्ण केलेले असावे. हे आकडे इतके रुळले की आज कित्येक निविदांत ते मूळ कारण ठाऊक नसतानाही जसेच्या तसे उतरवले जातात.

त्या परिपत्रकातील उदाहरणे आकड्यांपेक्षा अधिक वाचनीय आहेत. १५ कोटींचे काम २ वर्षांत करायचे, म्हणजे वर्षाला साडेसात कोटींचे, तरीही सरासरी उलाढालीची अट १५ कोटींची ठेवली गेली आणि एकच कंपनी पात्र ठरली. दुसऱ्या एका ठिकाणी जनित्र संच भाड्याने घेण्यासाठी ३ वर्षांच्या अनुभवाची अट होती, पण तो कोणत्या काळातला हे लिहिलेच नव्हते, त्यामुळे २० वर्षांपूर्वी हा व्यवसाय करून सोडून दिलेल्या कंपन्याही पात्र ठरल्या. आणखी एका निविदेत वातानुकूलनाच्या हवेच्या नळ्या आणि खोटे छत ही दोन कामे एकत्र बांधून तशाच एकत्रित कामाचा अनुभव मागितला होता, जो प्रत्यक्षात कोणाकडेच असण्याची शक्यता नव्हती. अट फार कडक असली तर स्पर्धा मरते आणि फार सैल असली तर काम मरते, एवढ्या साध्या गोष्टीसाठी आयोगाला ही उदाहरणे द्यावी लागली.

अनुभव आणि उलाढाल असूनही एक धोका शिल्लक राहतो, तो म्हणजे ठेकेदाराने आधीच पेलवेल त्यापेक्षा जास्त कामे घेतलेली असण्याचा. त्यासाठी निविदा क्षमतेचे सूत्र आले. गेल्या ५ वर्षांपैकी कोणत्याही एका वर्षात केलेल्या सर्वाधिक कामाची आजच्या किमतीतील रक्कम घ्यायची, तिला नव्या कामाच्या मुदतीच्या वर्षांनी आणि निविदेत दिलेल्या गुणकाने गुणायचे आणि त्यातून त्या मुदतीत पूर्ण करावयाची हातातील कामे वजा करायची. समजा एका ठेकेदाराने चांगल्या वर्षात २० कोटींचे काम केले, नव्या कामाची मुदत दीड वर्ष आहे आणि गुणक २ आहे, तर गुणाकार ६० कोटी येतो. त्याच्याकडे ४५ कोटींची कामे शिल्लक असतील तर त्याची क्षमता १५ कोटी उरते आणि १८ कोटींच्या कामासाठी तो अपात्र ठरतो. सूत्र हुशारीचे आहे, पण वजा होणारा ४५ कोटींचा आकडा ठेकेदार स्वतःच प्रतिज्ञापत्रावर सांगतो. बांधकाम विभाग, जलसंपदा विभाग, जिल्हा परिषद आणि महानगरपालिका यांच्याकडील कामे एकमेकांच्या नोंदीत दिसत नसतील, तर तो आकडा पडताळणाऱ्या लिपिकाच्या हाती त्या कागदाखेरीज काहीच नसते.

याच काळात चाळणीचा दुसरा उपयोगही सर्वश्रुत झाला. ठेकेदारांमध्ये रिंग होणे, निविदा मॅनेज होणे, एकाने काम घ्यायचे आणि इतरांनी सोबतीला चढ्या दराच्या निविदा भरायच्या, हे शब्द आणि प्रकार व्यवसायात नवे नव्हते. कोऱ्या निविदा विकत मिळू न देणे किंवा निविदा पेटीपर्यंत पोहोचू न देणे हा त्याचा जुना, अंगबळाचा मार्ग होता. ऑनलाइन निविदा आल्यावर तो बंद झाला आणि ते काम अटींकडे आले. डांबर मिश्रणाचा प्लान्ट कामापासून अमुक किलोमीटरच्या आत असावा, ही अट तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय आहे, कारण मिश्रण दूरवरून आणताना थंड होते. पण त्या अंतरात एकाच ठेकेदाराचा प्लान्ट आहे हे तालुक्यातील सर्वांना माहीत असेल, तर ती अट कोणाचे नाव न घेता एकाचे नाव सांगते.

विदर्भातील सिंचन प्रकल्पांच्या चौकशीत, विशेषतः गोसीखुर्दशी संबंधित गुन्ह्यांत, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने पूर्वअर्हतेच्या मंजुरीतील अनियमिततेचा आरोप ठेवला, तेव्हा हा शब्द वर्तमानपत्रांतही येऊ लागला. पात्र कंपन्यांची यादी आधी तयार करण्यातील अडचण अशी की स्पर्धक कोण हे दर भरण्यापूर्वीच सर्वांना समजते आणि रिंग करणे सोपे होते. म्हणून आता पात्रता आणि दर हे दोन्ही लिफाफे एकाच वेळी घेऊन छाननी नंतर करण्याकडे कल आहे.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी आणखी एक पाऊल टाकले. गुणवत्तेला विशेष महत्त्व असलेल्या कामांत तांत्रिक बाबींना जास्तीत जास्त ३० टक्के गुणभार देण्याची मुभा मिळाली, म्हणजे पात्र किंवा अपात्र एवढेच न पाहता कोण किती चांगला हेही मोजता येते. मात्र हे गुण देणारी पुन्हा माणसांची समितीच असते. पोर्टलवर चढवलेला काम पूर्णत्वाचा दाखला खरा आहे का हे पाहण्यासाठीही आज एका विभागाचा कार्यकारी अभियंता दुसऱ्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला जावक क्रमांक घालून पत्रच पाठवतो, आणि उत्तर येईपर्यंत दराचा लिफाफा बंद राहतो.