एसीत पितळी वाद्याचा सूर चढत नाही, उतरतो

दोन ट्रम्पेट, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन आणि ट्युबा असं पंचक ठाण्यातल्या उकाड्यात तालीम करतं आणि वाशीच्या भावे नाट्यगृहासारख्या वातानुकूलित सभागृहात वाजवायला जातं. तेव्हा विंगेत हमखास सल्ला मिळतो: ‘थंडीत पितळ आकसतं, नळी आखूड होते, सूर चढतो. स्लाइड बाहेर ओढा.’ (स्लाइड म्हणजे नळीचा सरकता भाग; तो बाहेर ओढला की नळी लांबते आणि सूर उतरतो.) बँडवाल्यांच्या पिढ्यांनी तो ऐकलाय. तो चुकीचा आहे, आणि त्याने कार्यक्रम बिघडतो.

पितळ आकसतं हे खरं. पण किती? सुमारे दीड मीटर नळीच्या ट्रम्पेटमध्ये 10 अंशांच्या फरकाने जेमतेम पाव मिलिमीटर. सूर ठरतो तो मुख्यतः आतल्या हवेवर. तापमान एका अंशाने उतरलं की हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने घटतो. आतली हवा 32 वरून 22 अंशांवर आली, तर सूर अर्धस्वराच्या (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या) पाव ते एक-तृतीयांश इतका उतरतो. श्वासाच्या उबेने प्रत्यक्षातला फरक कमी होतो, पण कानाला खटकण्याइतका उरतोच. अशात स्लाइड बाहेर ओढली तर सूर आणखी खाली जाणार!

म्हणून सूर तालमीच्या खोलीत नव्हे, रंगमंचावरच, वाद्यं गरम करून जुळवा. लांब विरामात आवाज न काढता नळीत उबदार श्वास सोडत राहा. ट्युबावाल्याला जास्त वेळ द्या. एवढी मोठी नळी तापायला उशीर लागतो, आणि बाकी चौघे त्याच्याच सुरावर उभे असतात.