परीक्षा द्या, पदवी मागू नका: केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजची पार्श्वभूमी

'रँग्लर' (केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणारा; त्यांतला पहिला तो 'सिनियर रँग्लर') हा शब्द मराठी वाचकाला ठाऊक आहे तो रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे. १८९९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या ट्रायपॉस (पदवीच्या अंतिम) परीक्षेत ते जॉर्ज बर्टविसल यांच्या बरोबरीने पहिले आले आणि ती उपाधी त्यांच्या नावाला अशी चिकटली की पुढे प्राचार्य, मंत्री आणि कुलगुरू होऊनही ते लोकांच्या तोंडी रँग्लर परांजपेच राहिले. त्यांच्या नऊ वर्षे आधी, १८९० साली, याच परीक्षेत सर्वांत अधिक गुण एका विद्यार्थिनीने मिळवले होते. तिचे नाव फिलिपा फॉसेट. दुसऱ्या क्रमांकापेक्षा तिला तेरा टक्के गुण जास्त होते. परंतु स्त्रियांची यादी वेगळी वाचली जाई, त्यामुळे सेनेट हाउसमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या समारंभ-सभागृहात, तिचे नाव पुकारले गेले ते 'सिनियर रँग्लरच्या वर' अशा शब्दांत. सिनियर रँग्लर ही उपाधी त्या वर्षी एका पुरुषालाच मिळाली आणि फिलिपाला तर साधी पदवीही मिळाली नाही, कारण केंब्रिज स्त्रियांना पदवी देत नसे. ती ज्या कॉलेजची विद्यार्थिनी होती ते न्यूनम आजही केवळ स्त्रियांचे आहे. (मराठी कानाला या नावात 'न्यून' ऐकू येते, पण ते मूळचे शेजारच्या खेड्याचे नाव आहे.)

या कॉलेजची स्थापना अमुक दिवशी झाली असे सांगणे अवघड आहे, कारण त्याचा आरंभ संस्था म्हणून झालाच नाही. केंब्रिजमध्ये १८७० साली स्त्रियांसाठी व्याख्याने सुरू झाली. या उपक्रमाची पहिली चर्चा ज्यांच्या दिवाणखान्यात झाली त्या मिलिसंट गॅरेट फॉसेट या पुढे मताधिकार चळवळीच्या अग्रणी झालेल्या बाई. फिलिपा ही त्यांचीच मुलगी. व्याख्यानांना येणाऱ्या परगावच्या मुलींनी राहायचे कोठे, हा प्रश्न लगेच उभा राहिला. तत्त्वज्ञानाचे अध्यापक हेन्री सिजविक यांनी १८७१ मध्ये रीजंट स्ट्रीटवर एक घर भाड्याने घेतले आणि ॲन जेमायमा क्लॉ यांना देखरेखीसाठी बोलावले. पहिल्या वर्षी त्या घरात पाच विद्यार्थिनी होत्या. पुढे १८७५ मध्ये स्वतःची इमारत झाली आणि १८८० मध्ये न्यूनम कॉलेज हे नाव कागदोपत्री स्थिरावले.

सिजविक यांच्याविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या धर्ममतांवर आपली श्रद्धा उरलेली नाही, असे वाटल्यावर त्यांनी १८६९ मध्ये ट्रिनिटी कॉलेजातील आपली फेलोशिप, म्हणजे कॉलेजचे मानाचे सदस्यपद, सोडून दिली होती. न्यूनमच्या आवारात प्रार्थनामंदिर नाही याचे मूळ या वृत्तीत आहे. जुन्या केंब्रिजमध्ये चॅपल नसलेले कॉलेज ही कल्पनाच विचित्र वाटावी अशी होती.

न्यूनमचा स्वभाव समजून घ्यायचा तर त्याची तुलना गर्टनशी करावी लागते. एमिली डेव्हिस यांनी १८६९ मध्ये प्रथम हिचिन या गावी काढलेले आणि नंतर केंब्रिजजवळ आणलेले गर्टन हे केंब्रिजमधील स्त्रियांचे पहिले कॉलेज. डेव्हिस यांची भूमिका काटेकोर होती: मुलींनी त्याच परीक्षा, त्याच क्रमाने आणि तितक्याच मुदतीत द्याव्यात, पुरुषांना लॅटिन-ग्रीक सक्तीचे असेल तर मुलींनाही असावे, तसूभरही सवलत घेतली तर उद्या 'बायकांचा अभ्यासक्रम' म्हणून हिणवले जाईल. सिजविक यांना हे पटत नव्हते. ग्रीकची सक्ती पुरुषांसाठीही निरर्थक आहे, मग ती मुलींवर कशासाठी लादायची, असे त्यांचे म्हणणे होते. घरी तुटपुंजे शिक्षण झालेल्या, शाळेत शिकवून पोट भरणाऱ्या मुलीला वर्षभरच येता येत असेल तर तिने वर्षभर यावे, झेपेल ती परीक्षा द्यावी किंवा देऊही नये, अशी न्यूनमची सैल रीत होती. विद्यार्थिनी जेथे उभी आहे तेथून तिला पुढे न्यायचे, हे धोरण माणुसकीचे होते यात शंका नाही. पण डेव्हिस यांची भीती खोटी होती असेही म्हणता येत नाही. वेगळ्या वाटेने जाणाऱ्याला वेगळेच ठेवणे विद्यापीठाला सोपे जाते. गंमत अशी की, ज्या निकालाने विद्यापीठाला हलवले तो गर्टनच्या शार्लट ॲंगस स्कॉट यांचा होता. १८८० मध्ये त्यांचे गुण आठव्या रँग्लरइतके भरले आणि पुढच्याच वर्षी स्त्रियांना ट्रायपॉस परीक्षा हक्काने देण्याची मुभा मिळाली.

परीक्षेचा हक्क मिळाला, बाकी काही नाही. व्याख्यानाला बसू द्यायचे की नाही हे त्या त्या अध्यापकाच्या मर्जीवर होते. प्रयोगशाळांमध्ये जागा मिळण्याची मारामार होती, म्हणून दोन्ही स्त्री-कॉलेजांनी १८८४ मध्ये एक जुने प्रार्थनामंदिर घेऊन त्यात बालफोर जीवशास्त्र प्रयोगशाळा उभी केली आणि ती तीस वर्षे चालवली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात स्त्रियांना हक्काने वावरता येत नसे, म्हणून न्यूनमने स्वतःचे ग्रंथालय वाढवले. आज ते केंब्रिजमधील मोठ्या कॉलेज-ग्रंथालयांत गणले जाते. न्यूनमचे जे विशेष पाहुण्यांना कौतुकाने दाखवले जातात त्यांतले बरेचसे मुळात नाइलाजातून आलेले आहेत, हे मला या इतिहासातले सर्वांत बोलके सूत्र वाटते. बेझिल चॅम्प्नीज या वास्तुरचनाकाराने बांधलेल्या लाल विटांच्या, पांढऱ्या खिडक्यांच्या इमारतीही त्याला अपवाद नाहीत. पुरुषांच्या कॉलेजांत खोल्या वेगवेगळ्या जिन्यांवर असतात. न्यूनममध्ये त्या लांबच लांब मार्गिकांवर आहेत आणि इमारती आतूनच एकमेकींना जोडलेल्या आहेत. मुलींवर लक्ष ठेवायला सोपे, हा त्यामागचा एक हिशेब होता. वडीलधाऱ्यांच्या शिस्तीसाठी आखलेल्या याच मार्गिकांत मुलींची आपसांतली दुनिया वसली, हा भाग वेगळा.

१८९७ मध्ये स्त्रियांना पदव्या द्याव्यात असा प्रस्ताव आला. मतदानाच्या दिवशी बाहेरगावचे माजी विद्यार्थी मुद्दाम गाड्या करून आले. सेनेट हाउससमोर सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा वर टांगला होता, आणि १,७०० हून अधिक मतांनी विरोध झाला; बाजूने साडेसहाशेच्या वर मते पडली. यानंतर एक मजेशीर पळवाट निघाली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने १९०४ ते १९०७ या काळात ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या परीक्षा दिलेल्या स्त्रियांना आपली पदवी देऊ केली. शेकडो शिक्षिका आगबोटीने समुद्र ओलांडून गेल्या, पदवी घेतली आणि परत आल्या. त्यांना 'स्टीमबोट लेडीज' असे नाव पडले.

ऑक्सफर्डने १९२० मध्ये पदव्या खुल्या केल्या. केंब्रिजने १९२१ मध्ये पुन्हा नकार दिला आणि समजूत म्हणून नाममात्र पदवी देऊ केली. नावापुढे अक्षरे लावता येतील, पण विद्यापीठाचे सदस्यत्व नाही आणि कारभारात मत नाही, असा तो प्रकार होता. निकालाच्या रात्री विजयी तरुणांचा जमाव न्यूनमवर चालून गेला आणि एका हातगाडीची धडक देऊन त्यांनी क्लॉबाईंच्या स्मरणार्थ उभारलेल्या कांस्य दरवाजाचा खालचा भाग मोडला.

या नाममात्र पदवीच्या काळात रँग्लर परांजपे यांची कन्या शकुंतला न्यूनममध्ये गणित शिकत होती. १९२९ मध्ये तिने तेथील शिक्षण पूर्ण केले. वडील ज्या परीक्षेत सर्वप्रथम आले तीच परीक्षा, तेच विद्यापीठ; परंतु तीस वर्षांनंतरही मुलीला तेथे पुरुषांच्या बरोबरीचे स्थान नव्हते. पुढे शकुंतला परांजपे यांनी संततिनियमनाच्या प्रसारासाठी केलेले काम महाराष्ट्राला परिचित आहे. रँग्लरांचा संबंध दुसऱ्याही बाजूने येतो. त्यांचे आप्त धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये जपानमधील महिला विद्यापीठाचा आदर्श समोर ठेवून पुण्यात महिला विद्यापीठ काढले, तेव्हा पहिले कुलगुरू परांजपेच होते. मातृभाषेतून शिक्षण आणि अभ्यासक्रमात गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र ही कर्व्यांची योजना गर्टनच्या डेव्हिसबाईंना मुळीच रुचली नसती. सिजविक यांनी कदाचित मान डोलावली असती. सारखे शिक्षण की सोयीचे शिक्षण, हा वाद केंब्रिजपुरता नव्हता.

पूर्ण सदस्यत्व १९४८ मध्ये मिळाले. तोवर विसंगती हास्यास्पद झाली होती. न्यूनमच्या पुरातत्त्वज्ञ डोरोथी गॅरड यांची १९३९ मध्ये प्राध्यापकपदी निवड झाली, केंब्रिजमधील त्या पहिल्या स्त्री-प्राध्यापक. आणि ज्या विद्यापीठात त्या अध्यासनावर बसल्या त्याच्या पूर्ण सदस्य मात्र नव्हत्या. डीएनएवरील संशोधनासाठी पुढे ख्यात झालेल्या रोझलिंड फ्रँकलिन १९३८ मध्ये न्यूनममध्ये दाखल झाल्या; १९४१ मध्ये त्यांच्या वाट्यालाही नाममात्र पदवीच आली.

खरी कसोटी त्यानंतर लागली. १९७२ पासून पुरुषांची कॉलेजे एकेक करून मुलींना घेऊ लागली, १९८८ मध्ये मॉडलिन हे शेवटचे दारही उघडले. गर्टनने १९७९ मध्ये पदवी वर्गात मुलगे घेतले. समान वागणुकीसाठी आयुष्य वेचलेल्या डेव्हिस यांच्या कॉलेजाला ते सुसंगतच होते. न्यूनम तसेच राहिले. वेगळेपण आता लादलेले नव्हते, निवडलेले होते, आणि ते टिकवण्यासाठी दिलेली कारणेही जुन्या धोरणाशी नाते सांगणारी होती: स्त्रियांना अध्यापनाच्या जागा, वाचायला ग्रंथालय, राहायला स्वतःच्या मार्गिका. नाराजीही आहेच, आपला पहिला पसंतीक्रम दुसऱ्या कॉलेजला देऊन नंतर न्यूनममध्ये पाठवल्या गेलेल्या मुली दर वर्षी असतात, आणि त्यांतल्या काहींना हे वेगळेपण अखेरपर्यंत पटत नाही. १९५४ मध्ये निघालेले आणि आता मरे एडवर्ड्स म्हणून ओळखले जाणारे कॉलेज वगळता केंब्रिजमध्ये केवळ स्त्रियांचे दुसरे कॉलेज आता उरलेले नाही. प्रौढ विद्यार्थिनींसाठी १९६५ मध्ये निघालेले लूसी कॅव्हेंडिशही २०२१ पासून मिश्र झाले.

१९४८ च्या निर्णयाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९९८ च्या उन्हाळ्यात, त्याआधी शिकलेल्या शेकडो वृद्ध स्त्रियांना विद्यापीठाने बोलावले. केंब्रिजच्या रस्त्यांवरून मिरवणुकीने जाऊन त्या सेनेट हाउसमध्ये शिरल्या. पदवी घेण्यासाठी त्या दारातून आत जाण्याचा हक्क त्यांच्या विद्यार्थिदशेत त्यांना नव्हता.