व्हाइट हाऊस कॅनडाने जाळलं? नाही.

२०१८ मध्ये ट्रम्प यांनी फोनवर कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांना ‘व्हाइट हाऊस तुम्हीच जाळलं ना?’ असं सुनावल्याची बातमी आली होती. कॅनडातही अनेकजण हे अभिमानाने सांगतात. पण २४ ऑगस्ट १८१४ ला वॉशिंग्टन पेटवणारं सैन्य ब्रिटिश होतं. जनरल रॉबर्ट रॉसच्या हाताखालचे हे कसलेले शिपाई युरोपातून चेसापीकच्या खाडीत उतरले होते. त्यातले कित्येक वेलिंग्टनच्या फौजेतले. (हो, १८०३ मध्ये आसईला मराठ्यांशी लढलेला तोच वेलिंग्टन!) अध्यक्ष मॅडिसन यांच्यासाठी टेबलावर मांडलेलं जेवण अधिकाऱ्यांनी आधी यथेच्छ हाणलं, मग घर पेटवलं. कॅनडा नावाचा देश तर १८६७ चा.

मग ही समजूत आली कुठून? १८१२ मध्ये अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं आणि तेव्हा ब्रिटिश वसाहत असलेल्या कॅनडावर चाल केली. १८१३ मध्ये यॉर्क, म्हणजे आजच्या टोरोंटोतली संसदेची इमारत जळाली. हल्ले परतवले गेले, आणि ‘शेतकऱ्यांच्या मिलिशियाने (स्थानिक नागरी फौजेने) देश राखला’ ही कथा रुजली. प्रत्यक्षात मुख्य भार ब्रिटिश पलटणींनी आणि टेकुमसेसारख्या आदिवासी नेत्यांनी उचलला.

अमेरिकेला याच युद्धात बाल्टिमोरच्या किल्ल्यावरच्या हल्ल्यावरून राष्ट्रगीताचे शब्द मिळाले. युद्ध संपवणाऱ्या गेंटच्या तहाने सीमा मात्र जिथल्या तिथेच राहिल्या. आदिवासींसाठी स्वतंत्र प्रदेशाची मागणी ब्रिटिशांनी वाटाघाटीत सोडून दिली. टेकुमसे त्याआधीच, १८१३ मध्ये, लढताना मारला गेला होता.