राजीनाम्यांचा अंदाज आणि अजून कामावर असलेली माणसं

‘तुमच्या कंपनीतला पुढचा राजीनामा कोणाचा, हे आमचं एआय ९५ टक्के अचूक सांगतं.’ अशा छापाच्या जाहिराती एचआर विभागात काम करणाऱ्यांना सतत दिसत असतात. आकडा भारदस्त आहे. पण ज्या कंपनीत महिन्याला शंभरातले पाच जण सोडून जातात, तिथे ‘या महिन्यात कोणीच जाणार नाही’ असं सांगणाराही ९५ टक्के अचूकच ठरतो, आणि जाणाऱ्यांपैकी एकही त्याने ओळखलेला नसतो. या विषयावरचे कितीतरी नमुना-प्रकल्प आयबीएमच्या एका प्रसिद्ध तक्त्यावर केलेले असतात. त्यात १,४७० कर्मचारी आहेत आणि त्यातले २३७ सोडून गेलेले. सगळे राहणार असं म्हटलं तरी ८४ टक्के गुण मिळतात. शिवाय तो तक्ताच काल्पनिक आहे, सरावासाठी तयार केलेला.

दुसऱ्या टोकाला जन्मतारखेचे अंक जुळवून किंवा हस्ताक्षर बघून ‘हा उमेदवार टिकेल’ असं सांगणारे सल्लागार आहेत. हस्ताक्षरावरून कामातला गुण ओळखण्याचा दावा नियंत्रित चाचण्यांत टिकलेला नाही, आणि अंकशास्त्राला तर तपासता येईल असा आधारच नाही. माणसाच्या पोटापाण्याचा निर्णय अशा गोष्टींवर सोडणं हा सरळ अन्याय आहे.

बहुतेक कंपन्या वर्षाचा गळतीदर काढतात : वर्षात गेलेले भागिले सरासरी पटसंख्या. शंभरांच्या कारखान्यात तीस गेले, दर तीस टक्के. पण तीस वेगवेगळ्या जागा एकेकदा रिकाम्या झाल्या, की त्याच दहा जागा तीन-तीनदा, हे त्यातून कळत नाही. पहिल्या स्थितीत पगार किंवा बढतीकडे बघावं लागतं, दुसऱ्या स्थितीत भरतीकडे आणि पहिल्या महिन्यातल्या वागणुकीकडे. म्हणून खरा प्रश्न असा विचारायचा : रुजू झालेला माणूस तीन महिने, एक वर्ष, पाच वर्षं टिकण्याची शक्यता किती?

इथे अडचण उभी राहते ती अजून कामावर असलेल्यांची. ते कधी सोडणार हे माहीत नाही. आजवर सोडलेलं नाही एवढंच माहीत आहे. ही अर्धवट माहिती फुकट न घालवता, तिला जास्तीचा अर्थही न चिकटवता वापरायची कशी, याचं उत्तर एडवर्ड कॅपलन आणि पॉल मायर यांनी १९५८ साली दिलं. मायर वैद्यकीय संशोधनातल्या रुग्णांचा विचार करत होते, तर कॅपलन बेल लॅब्जमध्ये समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या निर्वात नळ्या किती काळ टिकतील याचा. दोघांची पद्धत एकच निघाली आणि निबंध एकत्र छापला गेला. ती हाताने करून पाहण्यासारखी आहे.

समजा, गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या पॅकिंग विभागात दहा जणांच्या नोंदी आहेत. चौघे सोडून गेले : ३, ५, १२ आणि २० महिन्यांनी. सहा जण अजून आहेत आणि त्यांची सेवा झाली आहे ४, ८, १८, २४, ३० आणि ३६ महिने. फक्त गेलेल्यांची सरासरी काढली तर दहा महिने येते आणि ‘आमच्याकडे माणूस दहा महिने टिकतो’ असा निष्कर्ष निघतो. तो चूक आहे, कारण टिकलेल्यांना हिशेबातूनच काढून टाकलं. उलट ‘दहातले सहा आहेत, म्हणजे ६० टक्के टिकतात’ हेही चूक, कारण चार महिन्यांपूर्वी आलेल्या माणसाला आपण वीस महिने टिकल्याचं श्रेय देऊन बसलो.

आता प्रत्येक राजीनाम्याच्या क्षणी थांबू आणि त्या क्षणापर्यंत कोणाकोणावर नजर होती ते मोजू. तिसऱ्या महिन्यात दहा होते, एक गेला : ९/१०. पाचव्या महिन्यात आठच उरतात, कारण एक गेलेला आणि एकाची सेवाच चार महिन्यांची. त्यातला एक गेला : ७/८. बाराव्या महिन्यात सहा, एक गेला : ५/६. विसाव्यात चार, एक गेला : ३/४. हे अपूर्णांक एकमेकांना गुणत जायचं. ०.९०, मग ०.७९, मग ०.६६ आणि शेवटी ०.४९. म्हणजे वीस महिन्यांपलीकडे टिकण्याची शक्यता ४९ टक्के, आणि निम्मी माणसं गळायला लागणारा काळ दहा नव्हे, वीस महिने. चार महिन्यांचा नवखा चार महिन्यांपर्यंतच छेदात होता, नंतर गुपचूप बाहेर पडला. त्याच्याबद्दल जेवढं माहीत होतं तेवढंच वापरलं गेलं.

हे आकडे महिन्यांनुसार मांडले की टिकण्याच्या शक्यतेची उतरती रेषा मिळते. पुढचा अंदाजही याच रेषेतून निघतो. चार महिने झालेला माणूस बारा महिन्यांपलीकडे जाण्याची शक्यता ०.६६ भागिले ०.९०, म्हणजे सुमारे ७३ टक्के. प्रत्येकासाठी येत्या तिमाहीत जाण्याची शक्यता अशी काढून बेरीज केली की अपेक्षित राजीनामे मिळतात. १२० जणांत ही बेरीज ९ आली तर प्रमाण विचलन, म्हणजे आकडा अपेक्षेपासून सहसा किती हलतो त्याचं माप, साधारण २.९ येतं; दोन्ही बाजूंना त्याची दुप्पट धरली तर प्रत्यक्षात ३ ते १५ यांतला कुठलाही आकडा येऊ शकतो. भरतीचं नियोजन करायला हा पल्ला उपयोगी आहे. नावं काढायला मात्र नाही. २०० जणांत दहा जाणार असतील, आणि एखादी प्रणाली त्यातले आठ पकडून उरलेल्या १९० पैकी २० टक्क्यांवर चुकून बोट ठेवत असेल, तर यादीत ४६ नावं येतात आणि त्यातली ३८ निष्पाप असतात. त्या यादीवरून कोणाची बढती अडली तर तो खरोखरच सोडून जाईल.

गोव्यात हा हिशेब बिघडतो तो बहुधा नोंदींमुळे. हॉटेलातला ऑक्टोबर ते मे असा सीझनचा करार संपणं हा राजीनामा नव्हे; असे कामगार कायम कामगारांत मिसळले की आठव्या महिन्यात रेषा कोसळलेली दिसते आणि व्यवस्थापक नसलेला रोग शोधत बसतो. त्यांची रेषा वेगळी काढावी. राजीनामा, कामावरून काढणं, निवृत्ती आणि मृत्यू यांचे रकाने वेगळे हवेत. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहून मोकळं न होता बोटीवरची नोकरी, परदेश, सरकारी नोकरी, शेजारची कंपनी एवढे तरी पर्याय ठेवावेत. तारवटी, म्हणजे जहाजावरचा खलाशी, म्हणून जाणाऱ्याला पाचशे रुपयांची पगारवाढ थांबवू शकत नाही. तारीख राजीनामा दिल्याची धरावी, शेवटच्या दिवसाची नव्हे. नोटिशीचा काळ धरला तर सोडण्याचा निर्णय एक ते तीन महिने उशिरा झाल्यासारखा दिसतो. बोनस हातात पडल्यानंतरचे आठवडे आणि ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पूर्ण झाल्यानंतरचे महिने वेगळे तपासावेत.

सगळ्यात लबाड चूक जुन्या कामगारांच्या नोंदी मोजताना होते. समजा, गोव्यातल्याच कुंडईच्या एका कारखान्यात संगणकावरच्या नोंदी जानेवारी २०१९ पासूनच्या आहेत. जानेवारी २०१० मध्ये लागलेला माणूस त्यात दिसतो, कारण तो टिकला. त्याच्याबरोबर लागून वर्षभरात गेलेले दिसतच नाहीत. त्याला शून्य महिन्यापासून छेदात धरलं तर सुरुवातीची रेषा खोटी गुळगुळीत होते. त्याला १०८ व्या महिन्यापासूनच आत घ्यायचं, आधी नाही.

वय, शिफ्ट, घरापासूनचं अंतर यांचा परिणाम एकत्र मोजायचा तर डेव्हिड कॉक्स यांची १९७२ची पद्धत आहे : प्रत्येक घटक सोडून जाण्याचा धोका किती पटीने वाढवतो किंवा घटवतो, हे ती सांगते. ढोबळ नियम असा की एका घटकामागे किमान दहा राजीनामे हवेत. चाळीस राजीनाम्यांवर वीस घटक लादले की योगायोगच कारणं म्हणून समोर येतात.

अंदाज तारखेसह लिहून ठेवावा आणि तिमाही संपली की प्रत्यक्ष आकड्याशी ताडावा. तीन-चार तिमाही सलग प्रत्यक्ष आकडा अंदाजाच्या वरच राहिला तर रेषा शिळी झाली आहे : शेजारी नवा कारखाना आला असेल किंवा सरकारी भरतीचे निकाल लागले असतील. अशा वेळी फक्त गेल्या २४ महिन्यांतले राजीनामे धरावेत आणि त्या आधी लागलेल्या प्रत्येकाला, वरच्या १०८ महिन्यांच्या कामगाराप्रमाणेच, त्या खिडकीच्या पहिल्या दिवशी त्याची जेवढी सेवा झाली होती तिथपासून छेदात घ्यावं.