बकिंगहॅम काउंटीत इतिहासफलकासाठी अर्ज: कागद जळालेल्या जागेचा पुरावा कुठून आणायचा

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात रस्त्याकडेला चंदेरी रंगाचे, काळ्या अक्षरांचे इतिहासफलक दिसतात. ही योजना १९२७ पासून चालू आहे. ती डिपार्टमेंट ऑफ हिस्टॉरिक रिसोर्सेस हे राज्याचे खाते चालवते आणि अंतिम मंजुरी बोर्ड ऑफ हिस्टॉरिक रिसोर्सेस देते. अर्ज कोणीही करू शकतो. नव्या फलकाचा खर्च मात्र अर्जदारानेच उचलायचा असतो. दर बदलतो, म्हणून खात्याच्या संकेतस्थळावरचा ताजा आकडा बघूनच वर्गणीला सुरुवात करा.

अर्ज भरणे सोपे आहे. घोडे अडते ते पुराव्यापाशी, आणि जेम्स नदीकाठच्या बकिंगहॅम काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) तर हमखास. १८६९ साली इथले कोर्टहाउस जळाले आणि त्यासोबत जुने खरेदीखत, मृत्युपत्रे, दावे गेले. फलकावरच्या प्रत्येक विधानाला आधार लागतो: साल, नाव, जागा, ‘पहिला’ किंवा ‘सर्वात जुना’ असा शब्द असेल तर त्यालाही. ‘आमच्या आजीने सांगितले’, घरी टाइप केलेली वंशावळ, विकिपीडियाचे पान हे पुरत नाही. गुलामगिरीत ज्यांच्या पूर्वजांची नावे कागदावर येऊच दिली गेली नाहीत, त्यांच्याकडेच कागद मागायचा, हे बघवत नाही. पण नियम बदलण्याची वाट बघण्यापेक्षा काउंटीबाहेर शोधा. बरेच काही तिथे शिल्लक आहे.

आपल्याकडे सातबारा हरवला की माणूस साऱ्याच्या पावत्या धुंडाळतो. इथेही वाट तीच आहे. जमीन आणि मालमत्ता कराच्या वह्यांची एक प्रत राज्याकडे जात असे. १७८२ पासूनच्या या वह्या रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात बघायला मिळतात. नदीवरची होडीसेवा, गिरणी किंवा गोदाम असेल तर विधिमंडळाकडे आलेले विनंतीअर्ज आणि कायद्यांचे जुने खंड तपासा, कारण होडीसेवा चालवायला विधिमंडळाची परवानगी लागत असे. कालव्याचा विषय असेल तर जेम्स नदीकाठचा कालवा चालवणाऱ्या जेम्स रिव्हर अँड कनॉव्हा कंपनीचे वार्षिक अहवाल उपयोगी पडतात. पलीकडच्या तीरावरची फ्लुव्हाना काउंटीही विसरू नका. दोन्ही तीरांवर जमीन असलेल्या घराण्यांचे दावे तिथल्या कोर्टात सापडू शकतात.

कृष्णवर्णीय वस्ती, चर्च किंवा शाळेचा अर्ज असेल तर एक गोष्ट आधीच माहीत हवी. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची यादी मालकाच्या नावाखाली, फक्त वय, लिंग आणि वर्णासह आहे. त्यांची स्वतःची नावे त्यात साधारणपणे नाहीत. म्हणून शोध गुलामगिरी संपल्यानंतरच्या १८७० च्या जनगणनेपासून मागे न्यायचा, जोडीला फ्रीडमन्स ब्यूरोचे, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांच्या मदतीसाठीच्या सरकारी कचेरीचे, कागद घ्यायचे. रोझेनवाल्ड निधीतून (कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांसाठीच्या देणगीतून) बांधलेली शाळा असेल तर नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात त्या निधीची दप्तरे आहेत. त्यात इमारतीचा खर्च आणि तो कोणी किती उचलला हेही नोंदलेले असते. असा एक कागद दहा आठवणींपेक्षा जास्त काम करतो.

दुसरी अडचण ‘महत्त्व’ या अटीची. विषयाचे महत्त्व निदान प्रादेशिक पातळीचे असावे लागते. गावापुरते महत्त्व चालत नाही. ‘आमचे चर्च १५० वर्षे जुने आहे’ हे लिहून भागत नाही. त्या चर्चमधून शाळा निघाली का, आसपासच्या काउंट्यांतले लोक तिथे जमत का, हे लिहा आणि दाखवा. महत्त्वाला निदान ५० वर्षे झालेली असावीत, हयात व्यक्तीवर फलक होत नाही, आणि ज्यावर फलक आहे त्यावर दुसरा मिळत नाही. न्यू कँटनजवळ जन्मलेले इतिहासकार कार्टर जी. वुडसन यांच्या जन्मस्थानाचा फलक आधीच आहे. तोच विषय घेऊन महिने घालवू नका. हा फलक म्हणजे सन्मानचिन्ह नव्हे, वाटसरूला दिलेली माहिती आहे. त्यामुळे ‘थोर’, ‘आदरणीय’ असले शब्द संपादक काढतातच.

मजकूर साधारण १०० इंग्रजी शब्दांचा. तुमचा मसुदा ही फक्त सुरुवात असते. खात्याचे संपादक तो पडताळून नव्याने लिहितात. दुखावून जाऊ नका, फक्त चूक दिसली तर पुराव्यासह लगेच कळवा.

तारखांचा घोळ दरवेळी होतो. बोर्ड तीन महिन्यांनी एकदा बसते, आणि लोक त्या बैठकीची तारीख हीच अर्जाची शेवटची तारीख धरतात. अर्ज त्याच्या कितीतरी आधी पोचायला हवा, कारण पडताळणी मधल्या काळात होते. गावच्या जत्रेला किंवा चर्चच्या वर्धापनदिनाला अनावरण ठरवून मग अर्ज करू नका. मंजुरीनंतर फलक ओतून यायलाही काही महिने जातात.

शेवटी जागा. काउंटीतल्या बहुतेक रस्त्यांची देखभाल राज्याच्या परिवहन खात्याकडे आहे, आणि फलक कुठे रोवायचा हे तेच ठरवते. गाडी सुरक्षित थांबवता येईल अशी जागा हवी. वळणावर किंवा पुलाच्या तोंडाशी मागितली तर ती हलवली जाते. यूएस १५ आणि यूएस ६० या महामार्गांवर गाड्या वेगात असतात, तेव्हा पर्यायी जागाही अर्जातच सुचवा. खाजगी आवारात हवा असेल तर मालकाची लेखी संमती जोडा. चर्चची जमीन असेल तर सही पाद्रींची नव्हे, ज्यांच्या नावावर जमीन आहे त्या विश्वस्तांची घ्या.