विलग करण्याआधी हृदयाची दुरुस्ती

पुण्यात गरोदरपणाच्या 18 ते 20व्या आठवड्यात होणारी ॲनॉमली सोनोग्राफी आता बहुतेक कुटुंबांच्या परिचयाची आहे. अत्यंत क्वचित या तपासणीत, किंवा त्याही आधी, दोन बाळे छातीशी अथवा पोटाशी जोडलेली दिसतात. आई-वडील विचारतात, "ही वेगळी करता येतील ना?" त्याचे उत्तर बऱ्याच अंशी हृदयावर अवलंबून असल्याने डॉक्टर गर्भाच्या हृदयाची इको तपासणी करायला सांगतात. दोघांच्या हृदयाचे स्नायू एकजीव झालेले असतील, तर दोघांनाही वाचवून विलग करणे जवळजवळ अशक्य असते. हृदये स्वतंत्र असली, तरी त्यांत जन्मजात दोष आढळण्याचे प्रमाण अशा जुळ्यांत बरेच जास्त असते.

विलगीकरण शक्यतो काही महिने पुढे ढकलतात, कारण वजन वाढलेली बाळे मोठी शस्त्रक्रिया अधिक चांगली सोसतात. हृदयाचे काही दोष मात्र तेवढे थांबत नाहीत. फुफ्फुसांकडे रक्त नेणारी वाट अरुंद असलेले बाळ डक्टस आर्टेरिओसस या तात्पुरत्या वाहिनीवर जगत असते आणि ती जन्मानंतर थोड्याच दिवसांत मिटू लागते. प्रोस्टाग्लँडिन देऊन ती उघडी ठेवता येते. पण यकृत सामाईक असेल, तर त्यातील रक्तवाहिन्यांतून ते औषध भावंडापर्यंतही पोहोचू शकते. भुलीच्या औषधांचेही तेच, आणि शस्त्रक्रियेदरम्यान हृदय-फुफ्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनसाठी द्याव्या लागणाऱ्या, रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनचेही. मशीनवर एकाचा रक्तदाब उतरला, तर दुसऱ्याचे रक्त त्याच्याकडे वाहू लागते.

माझ्या मते याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे: सशक्त बाळाचे हृदय याच वाहिन्यांतून आजारी भावंडाला प्राणवायूयुक्त रक्त पुरवत असते, त्यामुळे दोषाची खरी तीव्रता झाकली जाते आणि विलग करताच तो आधार एका क्षणात तुटतो. (1954मध्ये मिनेसोटा विद्यापीठात शल्यविशारद वॉल्टन लिलेहाय यांनी लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी आई किंवा वडिलांचे रक्ताभिसरण मुद्दाम जोडून घेतले होते, येथे तशी जोडणी निसर्गतःच झालेली असते.)

म्हणूनच शक्य तिथे मशीनविना होणारी तात्पुरती शस्त्रक्रिया आधी केली जाते: फुफ्फुसांकडे रक्त कमी जात असेल तर कृत्रिम नळीचा शंट (रक्तासाठी पर्यायी वाट), जास्त जात असेल तर फुफ्फुस धमनीभोवती आवळपट्टी. दोन्ही बाळांसाठी स्वतंत्र भूलतज्ज्ञ असतात आणि प्रत्येकाच्या नळ्या व औषधे वेगळ्या रंगांनी ओळखली जातात. तातडीच्या विलगीकरणाची तयारीही त्याच वेळी ठेवावी लागते, कारण एकाचे हृदय थांबले, तर दुसऱ्याचे रक्त त्याच्या शरीरात उतरत राहते आणि हाती काही तासच उरतात.