'वॉन्ट्स टू बी फेड' की नुसतं 'वॉन्ट्स फेड': इंग्रजीतल्या इच्छेच्या क्रियापदांची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या काही भागांत लोक 'द कॅट वॉन्ट्स टू बी फेड' (मांजराला कुणी खायला घालावं असं वाटतंय) ऐवजी नुसतं 'द कॅट वॉन्ट्स फेड' म्हणतात, आणि शाळेत ते चूक धरलं जातं. ते चूक का नाही हे कळायला थोडं मागे जावं लागतं. 'टू लेट'ची (भाड्याने देणे आहे) पाटी आपल्याकडे गल्लोगल्ली दिसते. जागा काही स्वतः कुणाला भाड्याने देत नाही, ती दिली जायची असते, म्हणजे शाळेतल्या ग्रामरप्रमाणे तिथे 'टू बी लेट' यायला हवं. तरी ते कुणाला खटकत नाही, कारण जुन्या इंग्रजीचा हा उरलेला अवशेष आहे. तेव्हा साधा इन्फिनिटिव्हच, म्हणजे 'टू लेट' सारखं क्रियापदाचं मूळ रूप, दोन्ही कामं करायचा, करण्याचंही आणि केलं जाण्याचंही. 'हू इज टू ब्लेम' मधलं 'टू ब्लेम' त्यातलंच. राजाने 'त्याला मारायला सांगितलं' एवढं पुरायचं, मारणार कोण ते सांगायची गरज नसायची, आणि आपल्याला मराठीत अजूनही नसते. 'बी' लावून केलेला पॅसिव्ह (कर्मणी) इन्फिनिटिव्ह, 'टू बी लेट' सारखा, तेव्हाही होता, पण मुख्यतः 'मे', 'शॅल' अशांच्या मागे. 'इच्छा आहे', 'हाव आहे' असं सांगणाऱ्या क्रियापदांमागे तो सर्रास यायला लागला तो मधल्या काळातल्या, म्हणजे साधारण ११०० ते १५०० मधल्या इंग्रजीत.

हा बदल एकाच ओळीत बघता येतो, लूकच्या शुभवर्तमानातल्या १६व्या अध्यायाच्या २१व्या ओवीत. श्रीमंताच्या दारात पडलेला लाझरस, मेजावरून पडणाऱ्या तुकड्यांची आशा धरून बसलेला. ग्रीक मुळात आणि लॅटिनमध्ये, दोन्हीकडे इच्छेच्या क्रियापदामागे सरळ पॅसिव्ह इन्फिनिटिव्ह आहे. चौथ्या शतकातल्या गॉथिक (इंग्रजीच्याच कुळातली एक जुनी भाषा) भाषांतराकडे तसं रूपच नव्हतं, म्हणून तिथे तो 'पोटभर खायला' आसुसलेला आहे. साधारण १००० सालच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात त्याची इच्छा अशी की 'त्याने स्वतःला त्या तुकड्यांनी भरावं', म्हणजे वेगळं उपवाक्य आणि कर्तरी क्रियापद, आपण 'पोट भरावं असं वाटत होतं' म्हणतो साधारण तसंच. चौदाव्या शतकाच्या शेवटी मात्र 'टू बी' लावलेलं रूप येतं आणि १६११ च्या बायबलमध्ये तर आज कुणीही लिहील असं 'डिझायरिंग टू बी फेड'. काहीजण याचं सगळं श्रेय लॅटिनला देतात. मला ते अर्धंच पटतं. लॅटिनचा धक्का होताच, पण इंग्रजीतले प्रत्यय झडले, शब्दांचा क्रम पक्का झाला, आणि मग नुसत्या इन्फिनिटिव्हवरून करणारा कोण आणि सोसणारा कोण हे कळेनासं झालं. ती गरज भाषेची स्वतःची होती.

'वॉन्ट'ला इच्छेचा अर्थ या सगळ्यात फार उशिरा आला हे लक्षात ठेवायला हवं. तो शब्द नॉर्सकडून (स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा) साधारण १२०० च्या सुमारास आला आणि त्याचा अर्थ होता 'कमी असणं', 'नसणं'. त्यातून 'गरज असणं' आणि अठराव्या शतकात कुठे 'इच्छा असणं'. जुना अर्थ गेलेला नाही, ब्रिटनमध्ये 'द फ्लोअर वॉन्ट्स स्वीपिंग' म्हणतात तेव्हा फरशीला कसली इच्छा नसते, झाडायची गरज असते. ही 'नीड' आणि 'वॉन्ट' ची जवळीक पुढच्या सगळ्या भांडणाच्या मुळाशी आहे.

मध्ये एक वेगळा वाद होऊन गेला. १९२६ साली निघालेल्या एका फार वजनदार वापरकोशाने (शब्द आणि वाक्यं कशी वापरावीत ते सांगणारा कोश) दुहेरी पॅसिव्हवर टीका केली, म्हणजे 'द पॉइंट इज सॉट टू बी इव्हेडेड' छापाची वाक्यं, जिथे इच्छेचं किंवा प्रयत्नाचं क्रियापदही पॅसिव्ह आणि मागचा इन्फिनिटिव्हही पॅसिव्ह. आपल्या हायकोर्टांचे निकाल वाचणाऱ्यांना हे वाचून आश्चर्य वाटेल, कारण तिथे 'द ऑर्डर सॉट टू बी चॅलेंज्ड', 'द डॉक्युमेंट्स सॉट टू बी प्रोड्यूस्ड' पानापानावर असतं. ते वकिली इंग्रजीत मुरलेलं आहे आणि आता निघणार नाही. निघायचं कारणही नाही, कारण मागणी कोणाची ते आधीच्या परिच्छेदात आलेलंच असतं.

१९५७ साली नोम चॉम्स्की या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाचं पुस्तक आलं आणि त्यानंतर व्याकरणाचा अभ्यासच पालटला. तोवर असं धरलं जायचं की कर्तरी वाक्याचं पॅसिव्ह केलं तरी अर्थ तोच राहतो. इच्छेच्या क्रियापदांनी हे गृहीतक कुठे चालत नाही ते दाखवलं. 'डॉक्टरला जॉनला तपासायचंय' आणि 'जॉनला डॉक्टरकडून तपासून घ्यायचंय' या दोन वेगळ्या माणसांच्या दोन वेगळ्या इच्छा आहेत, पण 'सीम्स' ('असं दिसतं') टाकून हीच जोडी केली तर अर्थ जवळपास हलत नाही. १९६५ च्या एका पुस्तकात 'एक्स्पेक्ट' आणि 'परस्वेड' यांची अशीच जोडी लावून दाखवलीय आणि आजही भाषाशास्त्राच्या पहिल्या वर्षाला तीच शिकवतात. 'ही इज एक्स्पेक्टेड टू बी अरेस्टेड' चालतं पण 'ही इज वॉन्टेड टू बी अरेस्टेड' चालत नाही, हेही याच काळात नीट तपासलं गेलं.

आणि याच काळात 'टू बी डिलीशन' ही संज्ञा आली, जिने माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ केला. मूळ विषय साधा होता. 'ही सीम्स टू बी टायर्ड' आणि 'ही सीम्स टायर्ड' दोन्ही चालतात, तर दुसरं पहिल्यातून 'टू बी' गाळून झालं असं मांडायचं. सिद्धांतापुरतं ठीक. पण अमेरिकेतल्या पश्चिम पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना या पट्ट्यात लोक पिढ्यान्‌पिढ्या 'द कार नीड्स वॉश्ड', 'द कॅट वॉन्ट्स फेड', 'द बेबी लाइक्स कडल्ड' (बाळाला कुशीत घेतलेलं आवडतं) बोलत आलेत, त्यांच्यावरही हेच लेबल चिकटलं, आणि एकदा 'गाळलंय' म्हटलं की शाळेत लाल पेन आलंच, मुलाने काहीतरी विसरलंय, आळस केलाय असं धरून. खरं तर मुलाने काहीच विसरलेलं नसतं. हा वापर स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये आजही आहे आणि अठराव्या शतकात अल्स्टरहून (आयर्लंडचा उत्तरेकडचा प्रांत) गेलेल्या लोकांबरोबर तो अमेरिकेत पोचला असं बहुतेक अभ्यासक मानतात.

'गाळलंय' हे म्हणणं टिकत का नाही, तर एक चाचणी पुरते. 'द सूप नीड्स टू बी हॉट' हे वाक्य घ्या. खरोखर 'टू बी' गाळायची मुभा असती तर याच लोकांनी 'द सूप नीड्स हॉट' म्हटलं असतं. ते म्हणत नाहीत. 'सूप नीड्स हीटेड' म्हणतात. म्हणजे त्यांच्या 'नीड'ला मागे कुठलंही विशेषण चालत नाही, त्यांना क्रियेचं पार्टिसिपल ('वॉश्ड', 'हीटेड' सारखं रूप) लागतं, आणि हा नियम झाला, लोप नाही. दुसरं म्हणजे 'होप', 'एक्स्पेक्ट' यांच्या मागे 'टू बी फेड' बिनदिक्कत येतं पण 'द कॅट होप्स फेड' कुणीच म्हणत नाही. नुसता गाळायचा प्रकार असता तर तिथेही गाळलं असतं ना. आणि 'आय वॉन्ट द कार वॉश्ड' हे तर लंडनपासून मुंबईपर्यंत सगळे बोलतात, त्यात चूक कोणी काढत नाही. मध्ये 'द कार' आलं की शुद्ध आणि नाही आलं की अशुद्ध, याला व्याकरणाचा आधार काय, हे लाल पेनवाल्यांनी एकदा सांगावं.

१९९६, १९९९ आणि २००२ मध्ये एकाच अमेरिकन नियतकालिकात ओळीने तीन लेख आले, पहिला 'नीड'वर, दुसरा 'वॉन्ट'वर, तिसरा 'लाइक'वर. त्यातून दिसलेला क्रम मला या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा वाटतो. ज्याला 'लाइक्स कडल्ड' चालतं त्याला 'वॉन्ट्स फेड' चालतं, आणि ज्याला 'वॉन्ट्स फेड' चालतं त्याला 'नीड्स वॉश्ड' चालतंच. उलटं होत नाही. गरजेपासून सुरुवात, मग इच्छा, मग आवड. 'वॉन्ट' शब्दाचा स्वतःचा प्रवासही गरजेकडून इच्छेकडेच झाला, आणि हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही, जरी ही दोन टोकं थेट जोडणारा पुरावा अजून कुणी मांडलेला मी पाहिलेला नाही.

गेल्या काही वर्षांत ऑनलाइन सर्व्हे करून नकाशे काढायचं काम चालू आहे. लोकांना वाक्यं देऊन पाचपैकी गुण द्यायला सांगतात. त्यात 'नीड्स वॉश्ड' चा भरणा अजूनही पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गच्या आसपास आणि तिथून पश्चिमेला दिसतो. त्याच पट्ट्यातला 'द डॉग वॉन्ट्स आउट' (कुत्र्याला बाहेर जायचंय) हा प्रयोगही स्कॉटिश मुळांचाच मानतात, फक्त तो अमेरिकेत इतका पसरला की आता कुणाला प्रादेशिक वाटतच नाही.